सातवा खटका

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो. मला उघडायला बसलेल्या एका चोराची काळी दाढी पांढरी झाली, असं आमचे कुलूपवाले बाबा गिऱ्हाइकांना सांगत. तो चोर मी काही पाहिला नाही. पण कौतुक कोणाला नको असतं? मी गप्प बसे.

खरा चोर घरातलाच निघाला. बाबांचा थोरला. त्याचा हात इतका हलका, की त्याने तार घातली तर कुलपाला गुदगुल्याच व्हाव्यात. एकदा उंच फाटकाचं कुलूप बसवताना तो शिडीवरून पडला. पाठीसाठी डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या मात्र सुटेनात. त्याच्या संपल्या, तेव्हा तो आईच्या डबीकडे वळला.

आईला हाडांचं दुखणं. तिची झोप त्याच गोळ्यांवर. त्याने त्या काढून घेतल्या आणि डबीत पित्ताच्या गोळ्या भरून ठेवल्या.

"अहो, अंग नुसतं ठणकतंय," आई म्हणाली. "ढेकर मात्र पार बंद झाले बघा!"

बाबा हसले. मग त्यांनी डबी उघडून पाहिली आणि ते हसू तिथेच विझलं.

त्याच दिवशी मी दुकानातून या औषधांच्या कपाटावर आलो. तेव्हा माझ्या पोटात तीनच खटके होते. थोरल्याने मला उघडलं, अंगावर ओरखडासुद्धा नाही. बाबांनी चौथा खटका घातला. तोही उघडला. मग पाचवा, मग सहावा. दर वेळी मला खोलायचं, कानशीने घासायचं, पुन्हा जुळवायचं. मी शिणून गेलो, पण बाबांना चेवच चढला होता.

"सहावासुद्धा काढला पठ्ठ्याने! तोही आवाज न करता!" चेहरा पडलेला, आणि मिशीत मात्र कौतुक.

आई भिंतीला टेकून बसली होती, वेदनेने घामाघूम. "तुम्ही त्याला अडवताय, की परीक्षा घेताय त्याची? त्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्या. नाहीतर मी जाईन एक दिवस, आणि तुम्ही बापलेक बसाल तार नि कानस घेऊन!"

सातवा खटका बाबांच्या हातातच राहिला.

थोरला केंद्रातून परतला तो निम्मा होऊन. मला ओढून बघत म्हणाला, "बाबा, सातवा घातलात तरी मी उघडेन. त्यापेक्षा मी इथे दिसलो, की मला हाक मारा."

तेव्हापासून बाबा शेजारच्या दुकानातून हाक मारतात. "अरे, ही किल्ली बघ जरा, अडतेय." किल्ली कधीच अडलेली नसते. तो जातो.

काल मात्र दुकानात यंत्राची घरघर चालू होती, बाबांची पाठ इकडे होती. आई आत शांत झोपली होती. थोरला आला. तार माझ्या पोटात शिरली. एक खटका सरकला, दुसरा सरकला. त्याचं कपाळ कपाटाच्या दाराला टेकलेलं. मग तार निघाली.

"बाबा!" तो ओरडला. "अहो, हाक मारा ना!"

घरघर थांबली. "ये रे," बाबा म्हणाले, "ही कानस धर."

मित्रांनो, मी आता फार दमलो आहे. तुमच्या घरी असं कपाट असेल तर कुलूप जरूर लावा. पण सगळा भार आमच्यावर टाकू नका. हाकेच्या अंतरावर बसा.