कपाट बांधलं नाही तर

दुकानात त्याला सगळे डबल म्हणतात, कारण डबल पाळी त्याने आजवर कधी सोडलेली नाही. दुकान कपाटं विकतं आणि आम्ही दोघं ती लोकांच्या घरी नेऊन जोडतो. रविवारी मात्र मी कामाला जात नाही. त्या दिवशी मी पाय पसरून बसतो आणि मला कोणी हलवलेलं खपत नाही. पण त्याचा रविवारचा जोडीदार आजारी पडला, डबलने माझ्या फार विनवण्या केल्या, आणि मी कुरकुरत गेलो.

गिऱ्हाईक म्हणजे एक मॅडम होत्या. त्याही रविवारी कामातच. आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. त्यांचा छोटा मुलगा आमच्या स्क्रूंभोवती घोटाळत होता. कपाट उभं राहिलं होतं, खाली ड्रॉवर आणि वर फळ्या. राहिली होती फक्त पट्टी. कपाट पुढे पडू नये म्हणून मागून ते भिंतीला बांधतात, ती पट्टी. मॅडम गळ्यात हेडफोन अडकवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, चांगल्या भिंतीला भोकं कशाला पाडायची? बांधलं नाही तर काय होतं?

डबलला हे उत्तर तोंडपाठ आहे. "मॅडम, लहान मुलांना ड्रॉवर म्हणजे जिना. एक उघडतात, दुसरा उघडतात, वर चढतात. कपाट पुढे झुकतं. आणि मग..."

तो तिथेच थांबला. चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मॅडमना मीटिंगमध्ये कोणीतरी प्रश्न विचारला, म्हणून त्या "बसवा मग" असं पुटपुटत आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"काका," तो म्हणाला, "माझं बांधलेलं नाही."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी म्हणणारच होतो. पण त्याचे डोळे पाहिले. घरात वस्तू ठेवायला जागा उरली नाही म्हणून त्याने दुकानातलं सगळ्यात मोठं कपाट घरी नेलं होतं. पट्टी बसवायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. ती त्याला मिळाली नव्हती. वरच्या फळ्या मिक्सर-ज्युसरसारख्या यंत्रांनी आणि खोक्यांनी खच्चून भरलेल्या, खालचे ड्रॉवर जवळजवळ रिकामे. सगळ्यात वर होता चिंगीचा, म्हणजे त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, पटावरचा खेळ. हुकलेल्या रविवारांची भरपाई म्हणून आणलेला. एकट्याने खेळता येत नाही, म्हणून "रविवारी काढू" असं सांगून वर ठेवलेला. आज सकाळी हा बूट घालत असताना तिने विचारलं होतं, मीच काढला तर? आणि हा हसत म्हणाला होता, "काढ की, हात पोचला तर."

बायको कामावर होती. घरी फक्त त्याची आई, आणि ती दुपारी कानाचं यंत्र काढून झोपते. त्याने फोन लावला. वाजत राहिला.

हत्यारं तिथेच टाकून आम्ही जिना उतरलो. गाडी मी चालवली. तो एकसारखा फोन लावत होता आणि मध्येच मला विचारत होता, "तिचा हात नाही ना पोचणार, काका?" नाही पोचणार, मी म्हणालो. खोटं बोललो. मी चार पोरं वाढवली आहेत, पाच वर्षांच्या पोराचा हात कुठे कुठे पोचतो ते मला माहीत आहे.

एरवी मी त्याला चिडवतो की तुझ्या घरात माणसाने अंग चोरून चालावं. पळण्याचं यंत्र आहे, त्यावर कपडे वाळतात. त्या दिवशी दार उघडलं आणि माझा गुडघा त्याच यंत्रावर आपटला. मी कळवळायच्या आत आतून आवाज आला. टक्क. थोडं थांबून पुन्हा टक्क.

चिंगी कपाटावर होती. पाय तिसऱ्या ड्रॉवरवर, एक हात फळीला, दुसरा वर ताणलेला. ती ताणायची तेव्हा कपाटाचे मागचे पाय उचलले जायचे, आणि ती मागे सरली की टेकायचे. टक्क.

डबलच्या तोंडून आवाज फुटेना, ते बरंच झालं. ओरडला असता तर ती दचकली असती. मी चोरपावलांनी पुढे झालो आणि दोन्ही हात फळीला लावले. सगळं वजन माझ्या मनगटांत उतरलं. इतकं ओझं त्या पोरीच्या उशाशी रोज उभं होतं.

"चिंगे, हलू नकोस," तो हळूच म्हणाला. "बाबा आलाय."

"पोचला," ती म्हणाली. तिची बोटं खोक्याला लागली होती.

त्याने तिला खोक्यासकट उतरवलं आणि जमिनीवर बसून इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरायला लागली. तो रडत होता. शेजारच्या खोलीत त्याची आई घोरत होती. आता मी हे कपाट बांधूनच इथून हलतो, असं म्हणून मी खिशात हात घातला. पट्टी होतीच.

मग ती हातात घेऊन पाहिली. "डबल," मी म्हणालो, "ही पट्टी त्या मॅडमची आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो मुलगा दोघांनाही एकदमच आठवला. मॅडमना फोन लावला, त्या उचलेनात. त्याच्या कपाटाबरोबर आलेली पट्टी कुठल्या खोक्यात होती ते त्याला सांगता येईना. त्याची आई उठली की त्याच कपाटाला धरून चालते. शेवटी आम्ही दोघांनी ते तसंच, भरलेलंच, भिंतीपासून पुढे ओढलं आणि मागे झुकवून जमिनीवर आडवं केलं. वरून यंत्रं घरंगळली, फुटली. कोणी वाकूनही पाहिलं नाही.

गाडीत चिंगी आमच्या मध्ये बसली. आज रविवारच आहे ना, तिने विचारलं. डबलने मान हलवली. रस्त्याला जितकं येतं तितकं सगळं आडवं आलं आणि मी प्रत्येकाला शिव्या घातल्या.

घंटा वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली, दार बडवलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि डबलने डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. मॅडम वैतागल्या होत्या, काम अर्धवट टाकून कुठे गेला होतात? त्यांच्या मागे कपाटाचा दुसरा ड्रॉवर उघडा होता, आणि त्यांचा मुलगा टाचा उंच करून आमचे स्क्रू एकेक करून त्यात टाकत होता. डबलने काही न बोलता त्याला उचललं आणि मॅडमच्या कडेवर दिलं. मी ड्रिल घेतलं. पहिलं भोक वाकडं गेलं.

पट्टी बसली तेव्हा मॅडमचा राग जरा निवळला. "मघाशी तुमचं बोलणं अर्धंच राहिलं," त्या डबलला म्हणाल्या. "बांधलं नाही तर काय होतं?"

चिंगी खेळाचं खोकं पोटाशी धरून त्याच्या पायाला टेकून उभी होती.

"बाबा घरी येतो," ती म्हणाली.