पांढऱ्या काचेची बाटली

पाणीशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत दोघी जावा कामाला होत्या. थोरली तिथली जुनी रसायनतज्ज्ञ. दिराचा कारखाना बंद पडला तेव्हा धाकटीला तिनेच साहेबांकडे शब्द टाकून मदतनीस म्हणून लावून घेतलं. घर एक, चूल एक, आणि आजारी नवऱ्याचं औषधपाणीसुद्धा आता धाकटीच्याच पगारावर. असं सगळं असताना माणसाने सुखाने राहावं की नाही? पण नाही.

पाण्यातलं मीठ मोजायला सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण लागतं. त्यात खरीखुरी चांदी असते. ते तपकिरी काचेच्या बाटलीत, बंद कपाटात ठेवलेलं असायचं. धाकटी आल्यापासून ती बाटली लवकर रिकामी व्हायला लागली, आणि थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. नवरा घरी बसलेला, हाताशी चांदी. सुतावरून स्वर्ग गाठायला आणखी काय लागतं?

तोंडाने ती काही बोलली नाही, तोंडावर बोलायला हिंमत लागते. धाकटीने कपाट उघडलं की हिची मान वळायची. धाकटी हात धुवायला गेली की हिला तिच्या पिशवीचं वजन दिसायचं. घरीही तेच. धाकटी नवऱ्याशी हळू बोलली की ही स्वयंपाकघरात भांडी न वाजवता कान द्यायची.

तपकिरी काचेतून द्रावणाची पातळी नीट दिसत नाही. म्हणून एका सकाळी थोरलीने सगळं द्रावण पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या काचेच्या बाटलीत ओतलं, काचेवर लिहायच्या पेन्सिलीने बारीक खूण केली आणि बाटली खिडकीतल्या फळीवर, आपल्या टेबलासमोर आणून ठेवली. धाकटीला म्हणाली, "आता इथूनच घेत जा."

"बरं, जाऊबाई," धाकटी म्हणाली. थोरलीचं सांगणं म्हणजे तिला शेवटचा शब्द.

थोड्याच दिवसांत नळाच्या पाण्यातलं मीठ वाढलेलं दिसायला लागलं. थोरलीचा हिशेब सोपा होता: द्रावण पातळ झालंय, म्हणून जास्त लागतंय, म्हणून मीठ जास्त दिसतंय. म्हणजे ही बया द्रावण काढून नेते आणि वर पाणी घालते. झालं, तडक साहेबांकडे गेली.

साहेबांनी दोघींना समोर उभं केलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक. "मी कशाला नेऊ? द्रावण मोजायची नळी आधी त्याच द्रावणाने दोनदा विसळायची असं जाऊबाईंनीच शिकवलंय. मी प्रत्येक वेळी विसळते, म्हणून जास्त संपतं."

थोरली स्वतः हल्ली विसळायचा कंटाळा करायची. ते तिला आत्ता आठवलं, पण ती मागे हटली नाही. "साहेब, बाटलीच बघा ना," म्हणत तिने ती उजेडाकडे धरली.

बाटलीच्या तळाशी काळपट साका बसला होता.

पातळ केलेल्या द्रावणात काळा साका येत नाही. तो येतो उजेडाने. चांदीचं द्रावण उजेडात ठेवलं की चांदी काळी पडून खाली बसते आणि वरचं द्रावण कमजोर होतं. तपकिरी बाटली असते ती त्यासाठीच, आणि हे थोरलीला शाळेपासून ठाऊक होतं. चोर पकडायच्या नादात तिनेच ते उन्हात मांडलं होतं.

"साहेब, चूक माझी आहे," ती कशीबशी म्हणाली. "हिने काही केलेलं नाही. पांढऱ्या बाटलीत मीच भरलं." साहेबांनी तिलाच चार शब्द सुनावले आणि धाकटीची नोकरी वाचली.

घरी आल्यावर चपला काढताना धाकटी म्हणाली, "जाऊबाई, नोकरी तुमच्यामुळे मिळाली, ती मी करीन. पण आजपासून आमची चूल वेगळी."

"अगं, मी कबूल केलं ना सगळ्यांसमोर?"

"केलंत. पण साहेबांकडे जायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंत."

संध्याकाळी घरात दोन कुकर लागले. थोरलीने झाकण काढलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, हाताच्या सवयीने तिने भात सगळ्यांपुरता लावला होता.