गुरुवारसाठी रेकॉर्डर

ज्या घरातून बायको सकाळी आठला बाहेर पडते आणि नवरा दुपारी दोनला, त्या घरात नवरा-बायकोला भांडायलासुद्धा वेळ मिळत नाही. लग्न जमवताना हे कुणी सांगत नाही. तेव्हा मुलगा कंपनीत आहे, मुलगी शाळेत मास्तरीण आहे, एवढ्यावरच दोन्हीकडची माणसं खूश होतात.

आमचं गाव हायवेवरच्या चौकापासून आत, दोन किलोमीटरवर. श्रद्धाची शाळा पार कळंबला. टमटमने कर्जत, तिथून पुढे एसटी. ती संध्याकाळी साडेसहाला घरी पोचते तेव्हा मी खोपोलीत मशिनीपाशी उभा असतो. तीन वर्षं मला कायमची सेकंड शिफ्ट आहे, तीन ते अकरा. ज्यांची साहेबांकडे ऊठबस आहे त्यांना फर्स्ट शिफ्ट मिळते, मी साहेबांना फक्त नमस्कार करतो. मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते आणि ती निघते तेव्हा मी. बरं, तिची सुट्टी रविवारी आणि माझी गुरुवारी, कारण वीज वाचवायची म्हणून आमच्या भागातल्या कंपन्यांना सुट्ट्या वाटून दिलेल्या. रविवारची सकाळ तिच्या धुण्यात-दळणात आणि माझ्या झोपेत जायची. दोघांना मिळून आठवड्यात काय मिळायचं, तर गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते दहा. त्यातला एक तास स्वयंपाकात जायचा.

आमची मुलगी हर्षला घरी होती तोवर हे जाणवलं नाही. पोरगी श्रद्धाचं मला सांगायची, माझं श्रद्धाला सांगायची. जूनमध्ये ती अलिबागला नर्सिंगला गेली आणि आमच्या लक्षात आलं, की आमच्याकडे एकमेकांशी बोलायला भाजी, गॅस आणि आईचं गुडघेदुखीचं तेल सोडून काही उरलेलं नाही. एका गुरुवारी आम्ही दोघं जेवायला बसलो आणि पानावरून उठेपर्यंत कुणी बोललं नाही. आई मधे बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा श्रद्धाकडे बघितलं आणि म्हणाली, "कुनी मेलं का रं?"

त्या रात्री भांडी आवरताना श्रद्धा म्हणाली, "अवो, त्यो रेकॉर्डर का काय मिळतो ना? नऊची सिरियल भरून ठेवायची. मग गुरुवारी दोगं मिळून बघू. मी आधी बघनार नाय, तुमी पन नाय."

सिरियलमध्ये मला कवडीचा रस नव्हता. पण तिनं 'दोगं मिळून' म्हटलं ते मला फार बरं वाटलं.

तर रेकॉर्डर. सहावा वेतन आयोग लागला त्या वर्षी श्रद्धाच्या वाढलेल्या पगारावर आम्ही होम थिएटर घेतलं होतं. पाच स्पीकर आणि एक ठोकळा. मागच्या दोन स्पीकरांपैकी एकावर आई नॅपकिन वाळत घालते. त्याला जोडायला डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचा, एवढंच काम. कर्जतच्या बाजारात हर्षदचं दुकान आहे, ओळखीचं. पण गुरुवारी बाजारात दिवसभर लाईट नसायची, यंत्र चालू करून बघायचं तर संध्याकाळी सहानंतरच जावं लागायचं.

पहिल्या गुरुवारी श्रद्धा शाळेतून परस्पर दुकानात आली. हर्षदनं तिला स्टूल दिलं. वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन ती बसली आणि हर्षद सुरू झाला. नुसत्या तबकडीवर भरणारा घ्यायचा, की आत हार्डडिस्क असलेला? तबकडीत प्लस आणि मायनस असे दोन प्रकार, एकातली दुसऱ्यात चालेलच असं नाही. एकदाच भरता येणारी वेगळी, पुसून पुन्हा भरता येणारी वेगळी. एका तबकडीत एक तास उत्तम चित्र, सहा तास भरलं तर माणसांची तोंडं चुरमुऱ्यासारखी. मी सगळं बिलाच्या कागदामागे लिहून घेत होतो. श्रद्धा म्हणाली, "साधा द्या ना ओ, अर्ध्या तासाची सिरियल भरायची हाय."

"वैनी, घ्यायचाय तर नीट बगून घ्या," हर्षद म्हणाला. मलाही ते पटलं. आम्ही घरी पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीत कमलेशला कागद दाखवला. कमलेश आमचा इलेक्ट्रिशियन, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, निदान तो तरी तसं सांगतो. तो म्हणाला, "मनोज, दोन ट्यूनरचा घे. मंजे एक चॅनल तू बघतोयस, तवा दुसरा आतल्या आत भरला जातो. आई तिचं कीर्तन बघंल, तुमची सिरियल गुपचूप भरंल. घरात वादच नाय."

मला ते इतकं पटलं की मी त्याला चहा पाजला. आईचं आणि नऊ वाजताच्या कीर्तनाचं नातं मला माहीत होतं. मग दुसऱ्या गुरुवारी दोन ट्यूनरचा विचारायला मी पुन्हा कर्जतला गेलो. श्रद्धा म्हणाली, तुमीच जा, मी घरी जाते. हर्षदकडे तसा नव्हता, पण त्यानं दोन कंपन्यांची माहितीपत्रकं दिली आणि ती समजावून सांगण्यात आठ वाजवले. घरी आलो तर ती जेवून आडवी झाली होती. "मिळाला?" एवढंच तिनं विचारलं.

तिसऱ्या गुरुवारी पनवेल. तिथल्या मोठ्या दुकानात दोन ट्यूनरचा होता, पण तिथला पोरगा म्हणाला, पुढल्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय. येताना हायवेला ट्रॅफिक. चौकाच्या नाक्यावर उतरलो तेव्हा पावणेदहा. घरात शिरलो तर आईनं ताट वाढलं, आमच्या खोलीचा दिवा बंद होता, श्रद्धा झोपली होती. मी ताटावर बसून नव्या आणि जुन्या मॉडेलची तुलना करत होतो. माणूस दमला की त्याला सोपा विचार सुचत नाही, अवघडच सुचतो.

चौथ्या गुरुवारी हर्षदनंच मागवून दिला. दोन ट्यूनर, एकशे साठ जीबीची हार्डडिस्क, दोन रिमोट. काळा, चपटा, देखणा. त्याचा खोका मी मांडीवर घेऊन टमटममधून आलो. जोडाजोड करण्यात साडेदहा वाजले. श्रद्धा थोडा वेळ बॅटरी धरून उभी होती, मग म्हणाली, "मी पडते वो." मी म्हटलं, "पड. पुढच्या गुरुवारी बघ आपली ऐश."

पुढच्या गुरुवारी पावणेसातला आम्ही दोघं हॉलमध्ये बसलो. तिनं मुद्दाम उपमा केला होता. मी रिमोट दाबला. शुक्रवारचा भाग लागला, चार-पाच मिनिटं दोन बहिणी भांडल्या, आणि मग एकदम टाळ. कीर्तनकारबुवा हात वर करून उभे. सोमवारी बुवा. मंगळवारी बुवा. बुधवारी मध्येच दहा मिनिटं वांग्याची भाजी आणि पुन्हा बुवा.

"आई!" मी ओरडलो.

आई दारात आली. "मंग मी नेमीचं बघायचं नाय का? मला काय म्हायती तुजा डबा माजंच टिपून ठेवतोय."

मी हर्षदला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं केबल हाय ना?"

"केबल कुठली आमच्या गावात? डिशची छत्री हाय."

हर्षद म्हणाला, "भाऊ, दोन ट्यूनर केबलवर चालतात. छत्रीचा डबा एका टायमाला एकच चॅनल देतो. डब्यावर जे असंल तेच भरनार. छत्रीचं तुमी बोललाच नाय."

"तू इचारलंस का?"

"तुमी येवढं लिहून घेत हुता, मला वाटलं ठावं असंल."

आता हसू नका. ती छत्री मी स्वतः पत्र्यावर चढून बसवली आहे. तिच्यावरचा कावळ्यांचा उपद्व्याप दर महिन्याला मी स्वतः पुसतो. चार गुरुवार मी दोन ट्यूनर, दोन ट्यूनर करत हिंडलो आणि डोक्यावरच्या छत्रीचा मला एकदाही विचार आला नाही. श्रद्धा हसली नाही, रागावलीही नाही. ती नुसती खिडकीकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिनंच तोड काढली. नऊ ते साडेनऊ छत्रीचा डबा सिरियलच्या चॅनलवर राहिला पाहिजे, तर तेवढा वेळ रिमोट ती घेऊन बसेल. आईनं साडेनऊनंतर उरलेलं कीर्तन बघावं. "मी खाली मान घालून वह्या तपाशीन," ती मला म्हणाली, "बघनार नाय."

पुढच्या गुरुवारपर्यंत प्रत्येक भाग नीट भरला गेला. मला कसं कळलं? सकाळी नवाला उठून चहा घेताना मी तपासायचो. भरलंय की नाही एवढंच बघायचं, असं मी मनाशी म्हणायचो. शुक्रवारचा भाग शनिवारी सकाळी दोन मिनिटं तपासला. सोमवारचा मंगळवारी पूर्ण तपासला. त्या धाकट्या बहिणीनं लपवलेली चिठ्ठी कुणाला सापडते याची मला काळजी लागून राहिली होती. मशिनीपाशीसुद्धा डोक्यात तेच.

गुरुवार आला. पावणेसात. या वेळी पोहे. आई शेजारच्या सोनुबाईकडे गेली होती. शुक्रवारचा भाग लागला. मी पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्यानं बघत होतो. श्रद्धाही टक लावून बघत होती. सोमवारच्या भागात थोरलीचा नवरा दारातून आत येतो आणि पायपुसण्यावर घसरतो. तो अजून दाराबाहेरच होता तेव्हा श्रद्धा फस्सकन हसली.

मी तिच्याकडे बघितलं. ती गप्प झाली. पडद्यावर नवरा घसरला.

"तू बघितलंस," मी म्हटलं.

"कान कुठं बंद करता येतात का? वह्या तपासताना कानावर पडलं, मग मान वर झाली." मग ती माझ्याकडे वळली. "आनि तुमाला कसं ठावं, मी आधी हसले ते? तुमी पन बघितलंय."

"मी तपासत हुतो."

"सगळे?"

"सगळे."

आता मात्र आम्ही दोघं हसलो, बऱ्याच दिवसांनी. हसून झाल्यावर मी टीव्ही बंद केला. दोघांचं बघून झालेलं, पुन्हा काय बघायचं? घड्याळात साडेसात वाजले होते. पंखा फिरत होता. नऊपर्यंत आता काय करायचं, या विचारानं मला चक्क घाम फुटला.

"सांगा काहीतरी," ती म्हणाली.

"बुधवारी ती चिठ्ठी सासूला..."

"सिरियल नाय वो. तुमचं सांगा."

मी डोकं खाजवलं. कंपनीतलं काय सांगायचं? तेच बेअरिंग, तोच सुपरवायझर. पंचवीस वर्षं सोबत असलेल्या बाईला सांगायला माझ्याजवळ एक गोष्ट सापडेना. मला लाज वाटली. शेवटी मनात होतं ते तोंडातून निघून गेलं.

"दमलोय गं मी. लय दमलोय. हल्ली कंपनीतला जिना चढताना मधे थांबतो मी, पोरं बघतात म्हनून बुटाची लेस बांधल्यासारखं करतो."

तिनं पोह्यांची बशी खाली ठेवली. म्हणाली, "मला चक्कर आलती. कळंबच्या स्टँडवर. खालीच पडले."

"कवा?"

"झाला महिना. हेडबाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त कमी हाय म्हनाला डॉक्टर. गोळ्या चालू हायत."

"महिना झाला? आनि मला सांगितलं नाय?"

"मंगळवारी पडले. म्हटलं गुरुवारी सांगू. गुरुवारी तुमी हर्षदकडं गेलता, दोन ट्यूनरचा बघायला. म्हटलं पुढच्या गुरुवारी. तवा तुमी पनवेलला." ती आवाज न चढवता सांगत होती, मुलांना गणित सांगावं तसं. "त्याच्या पुढच्या वेळी तुमी वायरी जोडत हुता, मी बॅटरी धरून उभी हुते, तवा ओठावर आलतं. मग वाटलं, आता शिळं झालं, कशाला सांगायचं?"

मी तिचा हात धरला. हात थंड होता, नखं पांढरी होती, आणि हे मला एकाही गुरुवारी दिसलं नव्हतं. पाच स्पीकर, दोन रिमोट आणि तो काळा चपटा डबा समोर मांडून मी बसलो होतो.

"सांग," मी म्हटलं. "शिळं असलं तरी सांग. पयल्यापासून सांग."