बैलाची दुरुस्ती

अपूर्वला त्या खेळातलं काहीही पसंत नव्हतं, आणि औंढ्याहून हिंगोलीला रोज जीपला लटकून यायचा तो हेच सांगायला.

खेळ परदेशी होता. तलवारी, जादू, राक्षस आणि नजर पोचणार नाही एवढा मुलूख. कुठंही जा, कुणालाही भेटा, पाहिजे ते करा, अशी त्याची जाहिरात. हिंगोलीत तो नांदेडहून कॉपी मारलेल्या सीड्यांवर आला होता. बसस्टँडामागच्या देविदास राठोडच्या सायबर कॅफेत सगळ्यांत नवा जो कॉम्प्युटर होता त्याच्यावरच तो धड चालायचा, आणि त्याच्यापुढची खुर्ची अपूर्वच्या नावावर असल्यासारखी होती. दोघांनी नांदेडला एकाच वर्गात कॉम्प्युटरची डिग्री घेतली होती. पुढं देविदासनं कॅफे टाकला. अपूर्व पुण्याला नोकरीला गेला आणि वर्षाच्या आत परत आला. कंपनीत काही दम नव्हता, असं त्याचं मत. कंपनीचं त्याच्याबद्दल काय मत होतं, ते विचारायला कुणी गेलं नाही.

"ह्या दरोडेखोराकडं बघ," अपूर्व म्हणायचा. "अंगावर राजाला परवडणार नाही असलं चिलखत, आणि वाट अडवून मागतो काय, तर शंभर मोहरा! चिलखताची एक बाही विकली तर नातवंडं बसून खातील. ही ह्या खेळवाल्यांची अक्कल."

"व्हय," देविदास म्हणायचा. तो बहुतेक वेळा अडकलेल्या प्रिंटरमधून कागद ओढत असायचा.

"आणि हा लोहार. मी पहिल्यांदा आलो तेव्हा ठोकत होता, अजून ठोकून राहिला. आजवर एक फाळ तरी तयार झालाय का ह्याचा? मी राक्षस मारला, राणी वाचवली, आणि वेशीवरचा शिपाई मलाच विचारतो, कोण रे तू वाटसरू! आमच्या औंढ्यात नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरताना एखाद्याचा पाय घसरला, तर त्याच्या नातवालासुद्धा लोक त्यावरूनच ओळखतात."

"व्हय."

"बाजारात एवढं मीठ येतं कुठून? दुकानं गच्च भरलेली. गाडी नाही, बैल नाही, हमाल नाही. आभाळातून पडतं का?"

ह्यावर मात्र देविदासनं मान वर केली होती. पण अपूर्व तोवर माणसांवर घसरला होता. खेळातल्या माणसांचा त्याला सगळ्यांत जास्त तिटकारा. "एकेकाकडं तीनच वाक्यं. दिवसभर एका जागी उभं राहायचं आणि येईल त्याला तीच ऐकवायची. मी तर ऐकतच नाही." आणि खरंच ऐकत नव्हता. खेळात कुणी तोंड उघडलं की बोलणं उडवून टाकायच्या बटणावर त्याचं बोट आपसूक पडायचं. पापणी लवावी तसं.

आता खोड काढायला अक्कल लागते, हे कुणीही कबूल करील, आणि अपूर्वच्या खोडी खोट्या नव्हत्या. पण आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी स्वतःचा लागतो. इथं कॉम्प्युटर देविदासचा, वीज देविदासची, लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर देविदासचा, आणि बहुतेक दिवशी चहाही देविदासचाच.

घरी त्याचे वडील उद्धवराव नागनाथाच्या देवळात अभिषेक सांगायचे. त्यांनी एके दिवशी निर्वाणीचं सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत तुझं काही झालं तर ठीक. नाहीतर सोवळं नेसून माझ्या शेजारी बसायचं." अपूर्वला सगळं डोळ्यांपुढं दिसलं. रोज तेच देऊळ, तोच पाट, तोच संकल्प. भक्ताचं नाव आणि गोत्र तेवढं बदलायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो देविदासला म्हणाला, आणि त्यात नाटक नव्हतं.

देव पावला म्हणा, किंवा देविदासचा आतेभाऊ पावला म्हणा. हा आतेभाऊ प्रेमदास हैदराबादेत खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत होता. तिथं दोन माणसं हवी होती, एक बनवणारा आणि एक पारखणारा. शक्यतो जोडी. अट अशी, की ह्याच परदेशी खेळाचा एखादा तुकडा घ्यायचा, खेळात फेरफार करायचं जे हत्यार, म्हणजे एडिटर, सोबत येतं त्यानं तो सुधारायचा आणि धाडायचा.

"तू बनव," अपूर्व म्हणाला, "मी पारखतो." जन्मात पहिल्यांदा त्याच्या गुणाला कुणी जागा काढली होती.

देविदासनं बनवायला घेतलं. गिऱ्हाइकं सांभाळत, फॉर्म भरून देत, मधेच कुणाचा रिझल्ट काढून देत. काय बनवतोय ते त्यानं सांगितलं नाही, आणि अपूर्वनं विचारलं नाही. तुकडा धाडायची तारीख आली तेव्हा देविदासच्या बहिणीचं, शिलाचं, लग्न निघालं. त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा सिद्धेश्वरच्या धरणाकडं.

"म्या जाऊन राहिलो हळदीला," देविदास कॅफेच्या किल्ल्या देत म्हणाला. "तू एकदा खेळून पाह्य न् धाडून दे. फक्त त्या म्होरल्या बैलाचं तेवढं सांगतो..."

"काही सांगू नको."

"आरं, पण..."

"खेळणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसणार आहेस का तू, समजावून सांगायला? खेळात जे कळत नाही, ते खेळात नाही. एवढं साधं तत्त्व ह्या परदेशी गाढवांना समजलं असतं तर..."

देविदास थांबला. गंमत अशी की त्याला ते पटलं. "बराबर हाय," तो म्हणाला. "समदं आत टाकलंय म्या. माणसायशी बोल, मंग कळंल." आणि तो गेला.

अपूर्वनं खेळ सुरू केला. तोच मुलूख, तोच बाजार. पण दुकानात मीठ नव्हतं. दुकानदार रिकाम्या पोत्याशेजारी बसला होता. मग लांबून धूळ उठली, घुंगरांचा आवाज आला, आणि टेकडीवरून बैलांची रांग उतरली. पाठीवर मिठाच्या गोण्या, बाजूनं माणसं, आरशांच्या घागऱ्यातल्या बाया, एकीच्या कडेवर मूल. रांग बाजारात शिरली तशी गर्दी झाली आणि पाहता पाहता मीठ स्वस्त झालं. अपूर्व टक लावून पाहत राहिला. हे त्यानंच म्हटलं होतं. मीठ येतं कुठून, हे त्यानंच विचारलं होतं! आणि बनवलं मात्र दुसऱ्यानं, इतकं सुंदर, की त्याला हेवा वाटला. छातीत बोचेल असा हेवा.

सुदैवानं लवकरच चूक सापडली.

सगळ्यांत पुढं जो बैल होता त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ होती, शिंगांना गोंडे होते, आणि पाठ रिकामी होती. बाकीचे गोण्यांखाली दबलेले, हा नुसता नटून पुढं. बरं, चालायचा तरी नीट? बाजार सोडून रांग माळावर आली आणि हा मधेच खाली बसला. सगळी रांग थांबली, गोण्या उतरल्या, चुली पेटल्या. अपूर्वनं त्याला काठीनं डिवचलं. तलवार उपसून दाखवली. ढिम्म. बऱ्याच वेळानं आपल्या मनानं उठला आणि चालू पडला. पुन्हा खेळला तर दुसऱ्याच जागी बसला, जिथं धड सावलीही नव्हती. कारण नाही, कार्य नाही.

त्याच्या वैतागाच्या भरात आरशांच्या घागऱ्यातली एक बाई समोर आली आणि तिनं तोंड उघडलं. अपूर्वचं बोट बटणावर पडलं. मग एक म्हातारा आला. त्याचंही तेच झालं.

"एवढा चांगला तुकडा," अपूर्व हळहळून म्हणाला, "आणि एका बैलापायी नासला असता."

मग त्यानं एक गोष्ट केली जी कित्येक महिन्यांत केली नव्हती. त्यानं काम केलं. हत्यार उघडून बैलाचं बसणं काढून टाकलं आणि त्याला नुसतं चालत ठेवलं. रिकामी पाठ डोळ्यांत खुपत होती, म्हणून तिच्यावर दोन गोण्याही लादल्या. दोघांची नावं घातली आणि तुकडा हैदराबादला धाडून दिला. त्या संध्याकाळी औंढ्याला जाताना जीपमध्ये त्याला बसायला जागा मिळाली, आणि ती आपल्याला शोभते असं त्याला वाटलं. देविदास परतल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "किरकोळ दुरुस्ती होती. करून टाकली." लग्नाच्या जागरणानं देविदासचे डोळे मिटत होते. तो म्हणाला, "व्हय."

पुढच्या आठवड्यात फोन आला. देविदासनं स्पीकर लावला आणि दोघं काउंटरला टेकून उभे राहिले. पलीकडं कंपनीच्या कालिंदीबाई होत्या. जन्म हैदराबादेतला, पण मराठी चांगली.

"मिठाची कल्पना फार आवडली आम्हाला," त्या म्हणाल्या. अपूर्वनं देविदासच्या पाठीवर थाप मारली. "आणि माणसं. तुमच्या माणसांना बोलायला काहीतरी आहे. ती आरशांच्या घागऱ्यातली रुक्मा म्हणते, म्होरला बैल देवाचा हाय. त्येच्यावर ओझं लादत न्हाईत, त्येला कुनी हाकत न्हाई. तो बसंल तिथं आमचा मुक्काम, तो उठंल तवा आमी निघू."

अपूर्वचा हात देविदासच्या पाठीवर तसाच राहिला.

"हे ऐकल्यावर आम्ही सगळे खुर्च्या ओढून बसलो, बैल बसतो कधी ते बघायला. तो बसलाच नाही. दोन गोण्या घेऊन चालतच राहिला. पुढं तळं आलं, तो तळ्यात शिरला. त्याच्यामागं अख्खा तांडा. कडेवरच्या मुलासकट. पाण्याच्या तळाशी चालताहेत सगळे, आणि रुक्मा तिथंही तेच सांगतेय. तुम्ही दोघांनी हे एकदा खेळून पाहिलं होतं का?"

देविदास वळला. त्यानं आधी अपूर्वकडं पाहिलं आणि मग पाठीवरचा हात बाजूला केला.

"मुळात त्या खेळातलं पाण्याचं गणितच चुकलंय," अपूर्व घाईनं म्हणाला. "बैल बुडायला पाहिजे किंवा पोहायला. तळाशी चालतो म्हणजे..."

"पारखणारे तुम्ही का?"

"हो."

"रुक्माशी बोलला होतात?"

आता हो म्हणून टाकायला काय लागत होतं? पण सवय मोठी वाईट. "त्या खेळात कुणाशी बोलण्यासारखं काही नसतं," अपूर्व म्हणाला.

मग कालिंदीबाई म्हणाल्या, "देविदास, तुमच्याकडं मूळ प्रत असेल तर आज धाडा. आणि नावाचं काय ते तुम्हीच ठरवा."

"एकच लिवा," देविदास म्हणाला आणि फोन ठेवला.

अपूर्वला वडिलांनी दिलेली दिवाळीची मुदत आठवली. "अरे, मला सांगायचं तरी ना!"

"सांगून राहिलो होतो."

"पण तू... देव्या, एवढ्याशा बैलासाठी..."

"त्येच्यावर तू ओझं लादलंस, अपूर्व्या," देविदास म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आमच्या अख्ख्या खानदानानं बैलांवर मीठ वाहिलं, पर असं कुनी केलं न्हाई. बसणं काढलंस, ती एक चूक झाली म्हन. पर गोण्या काहून लादल्यास?"

रिकामी पाठ बघवली नाही, हे खरं उत्तर होतं. ते पोटातच ठेवून अपूर्व औंढ्याच्या जीपकडं निघाला.

देविदास हैदराबादेला गेला. कॅफे संतराम नावाच्या माणसानं घेतला, जो दिवसभर रेडिओ ऐकतो. अपूर्व सकाळी सोवळं नेसून वडिलांच्या शेजारी बसतो. येईल त्याला नाव विचारतो, गोत्र विचारतो आणि तोच संकल्प सांगतो. पुष्कळ भक्त तेवढ्यात इकडंतिकडं बघतात. त्याला त्यांचा राग येतो, पण दक्षिणा घेताना तो गिळावा लागतो.

दुपारी कधी कधी तो अजून हिंगोलीला येतो. देविदासची मूळ प्रत त्या कॉम्प्युटरवर तशीच होती. एकदा त्यानं ती लावली. बैल माळावर बसला होता, चुली पेटल्या होत्या. रुक्मा समोर आली आणि तिनं तोंड उघडलं. अपूर्वचं बोट उचललं गेलं. त्यानं हात मांडीखाली दाबून धरला.

तिनं देवाच्या बैलाचं सांगितलं. मग कालिंदीबाईंनी न सांगितलेलंही एक सांगितलं. "तुमी काहून उभे राहून राहिलात? बैल उठेस्तोवर बसा. भाकर खाऊन घ्या."

अपूर्वला देविदासची आठवण आली, सरळ, उघडी, कुठलीही खोड न सापडणारी. तो नुसता बसून राहिला. बैल आपल्या मनानं उठला, घुंगरं वाजली आणि तांडा टेकडीपलीकडं गेला. खेळातला अपूर्व माळावर एकटाच उरला.

"चूक आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "बैल उठताना आधी मागचं अंग उचलतो. हा पुढचे पाय आधी टाकतो. घोड्याची चाल वापरलीये ह्यानं."

खोड खरी होती. संतरामनं रेडिओ बारीक केला. "मला काई म्हनले का?"

"नाही," अपूर्व म्हणाला.

संतरामनं रेडिओ पुन्हा मोठा केला. "व्हय" म्हणणारा माणूस हैदराबादेत होता.