जुनी पट्टी

धाकट्याला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी त्याच्या घरात नवं वाय-फाय आलं, आणि ते थोरल्या बहिणीला न विचारता आलं. ती कामावरून परतली तर समोरच्या घरात धाकट्याचा मेहुणा स्टुलावर चढून पांढरा डबा बसवत होता. दवाखाने, शाळा, मोठाली सभागृहं, सगळीकडे शिडीवर चढून हेच अ‍ॅक्सेस पॉइंट बसवण्यात थोरलीचं अर्धं आयुष्य गेलेलं. अवजारांची पिशवी खांद्याला तशीच ठेवून ती दारात उभी राहिली.

"मला सांगायचं नाही का रे?"

"तुला कशाला त्रास, ताई," धाकटा म्हणाला. "दिवसभर तेच करतेस. हा म्हणाला, मी बसवतो. एकदम नव्या पिढीचं आहे. कितवं रे म्हणालास?"

"सहावं," मेहुणा वरूनच म्हणाला. "वाय-फाय सिक्स. ताईंकडे अजून चौथंच असेल."

"चौथंच आहे," थोरली म्हणाली. "पण ते छताला आहे, घरभर पोचतं. तुमचं कपाटाच्या डोक्यावर चढतंय."

सगळे हसले. मेहुणाही हसला, आणि त्याने डबा कपाटावरच बसवला.

थोरली गल्ली ओलांडून घरी आली. पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. घर धाकट्याचं, जुळ्या धाकट्याच्या, बाबाही त्याच्याकडेच राहायचे. तिला येत होतं ते एक काम, तेही त्याच्या घरी दुसऱ्याच कुणी केलं. तिच्या स्वयंपाकघरातून त्या डब्याचा निळा दिवा दिसायचा. ती पडदा ओढून घ्यायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा सारून बघायची.

दुसऱ्याच दिवशी बाबा टॅबलेट काखोटीला मारून तिच्या दारात हजर.

"पोरी, हे बघ गं. तिकडे लागतच नाही. मास्तर वाट बघत असेल. त्याचा उंट माझ्या वजिरावर टपून बसलाय."

मास्तर म्हणजे बाबांचा दूरच्या गावातला दोस्त. दोघं रोज टॅबलेटवर बुद्धिबळ खेळायचे. थोरलीने तो जुनापुराणा टॅबलेट हातात घेतला आणि तिच्या लगेच ध्यानात आलं. वाय-फायच्या लहरी दोन पट्ट्यांवर चालतात; मेहुण्याने वेग दणदणीत दिसावा म्हणून टू पॉइंट फोर गिगाहर्ट्झची जुनी पट्टी बंद करून टाकली होती आणि नुसती पाचची नवी ठेवली होती. जुनी पट्टी चालते हळू, पण भिंतींतून लांबवर जाते, आणि बाबांच्या टॅबलेटला तेवढीच कळत होती. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एक खूण केली की ती चालू. चुटकीसरशी होणारं काम.

"तिकडचं तुमच्या टॅबलेटला नाही पकडत, बाबा," ती म्हणाली. "इथेच येऊन बसत जा की."

त्यात खोटं काही नव्हतं. खरं मात्र अर्धंच होतं.

बाबा रोज यायला लागले. थोरलीने त्यांची खुर्ची मुद्दाम समोरून दिसेल अशी खिडकीपाशी मांडली. "मास्तर लबाड आहे," बाबा सांगायचे, "हरायला लागला की त्याचं नेटवर्क जातं." ती खळखळून हसायची, जरा जास्तच मोठ्याने, गल्लीपलीकडे ऐकू जावं म्हणून. धाकट्याने मेहुण्याला फोन करून विचारलंही. मेहुणा म्हणाला, टॅबलेट फेकून द्या, नवा घ्या. बाबांनी साफ नाही म्हटलं. ते ऐकून थोरलीच्या जिवाला केवढा गारवा वाटला!

थंडीत बाबांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यातून आले ते अंथरुणालाच खिळले. थोरली बघायला गेली, तर टॅबलेट उशाशी पालथा पडलेला.

"मास्तराला वाटत असेल, मी मेलो," बाबा म्हणाले. "नाहीतर हरायच्या भीतीने पळालो. ते जास्त वाईट."

थोरलीने खिशातून फोन काढला. "पासवर्ड काय गं ठेवलाय?" तिने भावजयीला विचारलं.

"जुळ्यांची जन्मतारीख. सगळीकडे तीच." भावजय एका मुलीला खांद्यावर थोपटत उभी होती.

थोरलीने सेटिंग उघडलं, खूण केली. डब्याचा दिवा विझला, पुन्हा लागला. टॅबलेट वाजायला लागला. मास्तराचे निरोप एकामागून एक येऊन पडत होते.

"एवढंच होतं?" भावजय म्हणाली.

"एवढंच."

"तुम्हाला माहीत होतं, ताई?"

थोरलीने फोन खिशात टाकला. "पहिल्या दिवसापासून."

भावजयीचा थोपटणारा हात थांबला. "मी रोज खिडकीतून बघायचे. बाबा तुमच्याकडे कसे खुलतात ते. माझ्या हातचा चहा अर्धा टाकून उठायचे, तुमच्याकडे यायला. ह्यांना विचारायचे, आपलं काय चुकतंय हो? केवढी जळले मी तुमच्यावर!"

"तुझं काही चुकत नव्हतं," थोरली म्हणाली.

"दोघी जरा गप्प बसा," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "घोडा अडकलाय माझा."

त्यानंतर बाबा थोरलीकडे आले नाहीत. यायचं कारण उरलं नव्हतं, आणि पायांत बळही नव्हतं. कामावरून येताना तीच रोज तिकडे थांबायची. भावजय फार बोलायची नाही, पण पलंगावर सरकून जागा करून द्यायची.

बाबा पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेले. दुपारी, धाकट्याच्या घरी, भावजय उशाशी असताना. थोरली तेव्हा एका शाळेत शिडीवर होती.