दादांसाठी निवडलेला बोर्ड

अठ्ठ्याण्णव साली घशाच्या कॅन्सरमुळे दादांचं स्वरयंत्र काढावं लागलं. दादा म्हणजे माझे वडील, सहादू. राहुरीकडच्या साखर कारखान्यात फिटर होते आणि पंचक्रोशीत भीमगीतं गायचे. ऑपरेशननंतर ते नगरला, सावेडीत माझ्याकडे राहायला आले. बोलायचं असलं की शाळेच्या पाटीवर लिहायचे. आई, विमल, सहा वर्षांपूर्वीच गेली होती.

दादांच्या गाण्याची एकच कॅसेट उरली होती, त्र्याऐंशीच्या जयंतीला भरलेली. तिच्यात गाण्यापेक्षा खरखरच जास्त. तरी दादा रोज दुपारी ती लावायचे आणि टेपला कान लावून बसायचे. मला वाटायचं, गेलेला आवाज शोधतायत.

मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मिळालं होतं, पण क्लासच्या जुन्या मशीनवर एका गाण्याला अख्खी दुपार जायची आणि मशीन मधेच अडकायचं. म्हणून घरीच मशीन जोडायचं ठरवलं. प्रोसेसर घेतला सेलेरॉन, तीनशे मेगाहर्ट्झचा. स्वस्तातला, पण तो ज्यावर बसतो तो बोर्ड चांगला मिळाला तर साडेचारशेवर पळतो, अशी त्याची ख्याती होती.

नगरच्या दुकानदारानं एक बोर्ड काढून समोर ठेवला.

"मॅडम, सेलेरॉनला हाच नेतात सगळे."

"याची बस शंभरवर जाते?"

"सहासष्ट. कंपनीनंच तेवढी सांगितलीय की!"

"मला शंभर पाहिजे. व्होल्टेजही थोडं वाढवता आलं पाहिजे."

शेजारी स्टुलावर बसलेल्या दादांनी पाटी पुढे केली. 'बस कुटली?'

दुकानदार हसला. मी म्हणाले, "दादा, बोर्ड ठेका धरतो. प्रोसेसर दर ठोक्याला साडेचार मात्रा घेतो, ते काही आपल्याला बदलता येत नाही. पण ठेकाच सहासष्टचा शंभर केला, तर तोच गडी दीडपट पळतो. फक्त एवढी लय सांभाळणारा बोर्ड हवा."

दादांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'मंग ढोलकीवाला चांगला बघ.'

तसा बोर्ड नगरात मिळाला नाही. रविवारी एसटीनं दोघं पुण्याला गेलो. तिथं दोन बोर्ड पसंत पडले. दोन्ही शंभरवर चालणारे, दोन्हींत व्होल्टेजची सोय. मी कागद वाचत बसले. दादांनी मात्र दोन्ही हातात घेऊन फिटरच्या नजरेनं न्याहाळले आणि एकावर बोट ठेवलं. त्यात प्रोसेसरच्या खाचेभोवती जागा मोकळी होती. 'हितं हवा खेळंल.' तोच घेतला.

पहिल्यांदा शंभरवर लावला तर स्क्रीन काळाच. व्होल्टेज एक पायरी चढवलं, आणखी एक पंखा बसवला. मग स्क्रीनवर साडेचारशेचा आकडा आला. दादांनी पंख्याच्या वाऱ्यापुढे तळहात धरला आणि मांडीवर थाप मारली. ऑपरेशननंतर त्यांना इतकं खूश मी पहिल्यांदाच पाहिलं.

कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. गाणं पूर्ण भरल्यावर मागे फिरवताना टेप रोलरमध्ये गुंतली आणि चोळामोळा होऊन तुटली. मला फारसं वाईट वाटलं नाही. गाणं आता मशीनमध्ये होतं. खरखर काढायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. डिस्कवर जागा कमी होती, म्हणून साफ केलेलं गाणं जुन्याच फाइलवर सेव्ह केलं.

"दादा, ऐका आता."

आवाज लख्ख आला, जणू पलीकडच्या खोलीतच गातायत. दादा डोळे मिटून ऐकत होते. अर्ध्या गाण्यात त्यांनी डोळे उघडले. स्पीकरजवळ सरकले, मान तिरकी केली. गाणं संपल्यावर पाटीवर एकच शब्द लिहिला.

'विमल?'

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आई कोरसमध्ये मागं उभी राहायची, माईकपासून लांब. तिचा आवाज इतका बारीक, की खरखरीतच मिसळून गेला होता. मला तो कधी ऐकू आला नव्हता. दादांना रोज येत होता. मी खरखर काढली, तिच्याबरोबर आईही गेली.

फाइल परत आणायची खटपट तीन दिवस केली. तुटलेली टेप चिकटवून पाहिली; नुसता घरघराट. शेवटी राहुरीला लंकामावशींकडे गेले. त्या कोरसमध्ये आईच्या शेजारी असायच्या.

"मावशी, तेव्हाची एखादी कॅसेट आहे का तुमच्याकडे?"

"न्हाई गं बाई. आमचा आवाज कोन भरून ठेवनार?" त्यांनी माझा हात धरला. "तुजी आई लई हळू गायची. म्या कोपरानं ढोसायची तिला, मोट्यानं म्हन की! तर म्हनायची, त्यांना जातंय ऐकू, तेवडं बास."

घरी येऊन मी दादांना हे जसंच्या तसं सांगितलं. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर रडूच फुटलं. त्यांनी मला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला. मग पेन्सिल उचलून लिहिलं, 'जात हुतं ऐकू.'

त्यानंतर दादा सव्वा वर्ष जगले. त्या मशीनवर मी घरीच टायपिंगची कामं घ्यायचे आणि ते समोर बसून बघायचे. गाणं लाव, असं मात्र त्यांनी कधी लिहिलं नाही.