आठ नट

नट हाताने लावणं आणि पान्याने कसणं ही दोन वेगळी कामं आहेत. ज्याला हा फरक कळत नाही त्याने गॅरेज बंद करून रसवंती टाकावी, असं मी गेली तीस वर्षं येईल त्याला ऐकवत आलोय. माझं तोंड वाईट आहे, हे चाळीसगावात कुणाला सांगायला नको. गिऱ्हाइकं म्हणतात, अभिमन नानाचा हात चांगला, पण जिभेला कानस लावलेली. माझी बायको रत्ना यावर काही म्हणत नाही.

गाडी पाचोऱ्याच्या हितेंद्रची होती. त्याच्या आजोबांनी, पितांबरशेटनी, कापसाच्या तेजीत घेतलेली चौसष्ट सालची विलायती गाडी. दोन सीटची, वरून उघडी, गडद हिरवी. इंजिन मी दोन वर्षं खपून जिवंत केलं, पण वळण आलं की गाडी अशी कलायची की शेजारी बसलेला माणूस दार धरून देवाचं नाव घ्यायचा. त्यावर इलाज एकच, पुढचा बॅलन्स रॉड. मधोमध तो दोन क्लॅम्पनी चेसिसला धरलेला असतो आणि दोन्ही टोकं एकेका लिंकने चाकाच्या खालच्या आर्मला जोडलेली असतात. एक बाजू दबायला लागली की रॉड पिळला जातो आणि गाडीला कलू देत नाही. हितेंद्रने तो विलायतेहून मागवला. क्लॅम्पचे चार आणि लिंकचे चार, असे नट आठ.

बसवायचं काम सोपं, जुळवायचं अवघड. मध्ये रबरी बुश असतात, म्हणून गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली असताना नट कसायचे नसतात. चाकं तेव्हा लोंबकळत असतात, आणि त्या अवस्थेत कसलं तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं. नट हाताने लावायचे, गाडी जमिनीवर घ्यायची, सीटवर माणसाएवढं वजन ठेवायचं, दोन्ही लिंकची लांबी जुळवायची आणि मग पाना लावायचा. अष्टमीला संध्याकाळी मी दोन्ही सीटवर सरकी ढेपेचं एकेक पोतं बसवलं. लिंक जुळवल्या. पाना हातात घेतला आणि लाइट गेली. दसऱ्याच्या तोंडावर सगळ्या गावाला आपापली गाडी आठवते. लाइट येईपर्यंत दारात तीन मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर उभा होता, आणि मी त्या ट्रॅक्टरखाली गेलो.

आता माझी एक पद्धत सांगायला हवी. मोटारींच्या कसलेल्या प्रत्येक नटावर मी लाल ऑइलपेंटचा ठिपका देतो. फार वर्षांपूर्वी एका जीपचं चाक माझ्या विसराळूपणामुळे रस्त्यात निघालं होतं. माणूस वाचला, पण तेव्हापासून मी स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवत नाही. ठिपका असला म्हणजे नट कसलेला. माझी सहीच ती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी बाजारात झेंडू घ्यायला गेलो तेवढ्यात रत्नाने पाने, हातोडे, कानस पाटावर मांडून पूजा करून टाकली. पाटावर बसलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, असा आमच्या घरचा रिवाज. मी दिवसभर गाड्या धूत बसलो.

दसऱ्याला सकाळी आठलाच हितेंद्र हजर. "नाना, कन्नड घाटात नेऊन बघतो. वळणं तिथेच कळतील."

मी टॉर्च घेऊन गाडीखाली सरकलो. आठही नटांवर लाल ठिपके. म्हणजे अष्टमीलाच कसून झाले होते तर. मनात जरासं खटकलं, कारण कसल्याचं काही केल्या आठवेना. पण पाना पाटावर होता, आणि स्वतःच्या सहीवर संशय घ्यायचा तरी कसा? मी बाहेर येऊन कपडे झटकले आणि म्हणालो, "जा."

तेवढ्यात रत्ना दारात आली. नवी जांभळी साडी नेसलेली. "मी बी येऊ का?"

सव्वीस वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती. मी दुरुस्त केलेल्या गाड्या तिने फक्त दारातून जाताना पाहिलेल्या.

"अक्का, बसा की!" हितेंद्र म्हणाला. "वरून दरी बघू आणि दीड-दोन तासांत परत."

"जाय," मी म्हणालो, "पन घाटमा बोंबलू नको." ती हसली. पदर कमरेला खोचून बसली आणि माझ्याकडे न बघता समोर बघत गेली.

अर्धा तास झाला असेल. मी माझ्या मोटारसायकलला हार बांधायला वाकलो, तर पुढच्या चाकाच्या नटावर लाल ठिपका. चेनच्या नटावर एक. इंजिनावर एक. मोटारसायकलला मी कशाला ठिपके देईन? मी अंगठ्याने घासलं. ठिपका पुसला गेला आणि अंगठा लाल झाला.

कुंकू होतं.

मी तसाच उठून पेंटचा डबा शोधला. झाकणावर धूळ बसलेली, कडेला पेंट वाळून चिकटलेला. आठवडाभर तो कुणी उघडलेलाच नव्हता. रत्नाने पूजा करताना पान्यांना लावलं, मोटारसायकलला लावलं आणि खाली वाकून, आत हात घालून हिरव्या गाडीच्या नव्या नटांनाही मनोभावे एकेक बोट लावलं. आणि मी टॉर्च मारून त्यालाच माझी सही समजलो.

आठ नट, आठही नुसते हाताने लावलेले. त्यावर बसून माझी बायको घाटात गेली होती.

पुढे काय होणार ते मला पाठ होतं. गाडी हादरली की नट एकेक आटा सैल होतो. लिंकचा नट पडला की रॉडचं टोक मोकळं, आणि त्याच्यासमोर चार बोटांवर ब्रेकचा रबरी पाइप. असल्या जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकला तेल एकाच लाइनीतून जातं. पाइप फाटला तर एकही ब्रेक लागत नाही, पॅडल सरळ खाली जाऊन बसतं. चढताना निभावेल. उतरताना?

हितेंद्रला फोन लावला. रिंग वाजत राहिली. उघड्या गाडीत वाऱ्याच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार. रत्नाला लावला, तर तिचा फोन स्वयंपाकघरात वाजला. देवापुढे ती तो तसाच ठेवून गेली होती. मी पुन्हा हितेंद्रला लावला. पुन्हा. मग पाटावरचा त्या नटांचा पाना पूजेआधीच उचलला, मूठभर नट खिशात कोंबले आणि मोटारसायकलला लाथ मारली.

त्या रस्त्याने मी हजार वेळा गेलो असेन. त्या दिवशी तो संपेना. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ट्रॅक्टरांना हार, लोक हात करून "नाना, सोनं घ्या" म्हणत होते आणि मी कुणाकडे बघत नव्हतो. मला सारखं एकच दिसत होतं, तिने कमरेला खोचलेला पदर. मी मोठ्याने म्हणत होतो, चढतच राहा, उतरू नका. ऐकायला कुणी नव्हतं.

पायथ्याशी पोलीस उभा होता. "हिरवी उघडी गाडी गेली का?"

"गेली की. अर्धा-पाऊण तास झाला. बाई काय खुशीत होत्या!"

मी वर निघालो. जड गाड्यांना बंदी असल्यामुळे घाट मोकळा होता, आणि मोकळा घाट जास्त भीतीदायक असतो हे मला तेव्हा समजलं. प्रत्येक वळणावर आधी मी कठडा बघत होतो. जिथे जिथे कठडा तुटलेला होता तो मला आजच तुटल्यासारखा वाटत होता. एका वळणावर पाच-सहा गाड्या थांबलेल्या आणि माणसं ओळीने खाली दरीत वाकून बघत होती. माझी पाचावर धारण बसली. मोटारसायकल टाकून मी पळत गेलो, एका माणसाचा दंड धरला. त्याने चमकून माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल बाजूला घेतला. खाली धबधबा होता. सगळे त्याचे फोटो काढत होते.

मी मोटारसायकल उचलली. क्लच सुटून ती दोनदा बंद पडली.

तिथून तिसऱ्या वळणावर मी त्यांना बघितलं. गाडी खाली येत होती.

मी मोटारसायकल रस्त्यात आडवी घातली आणि दोन्ही हात वर करून मधोमध उभा राहिलो. गाडी अगदी सावकाश येत होती, इंजिन घुमत होतं, आणि डाव्या चाकाजवळून टक, टक, टक असा आवाज येत होता. माझ्यापासून हातभर अंतरावर ती थांबली. मी खाली रस्त्यावरच बसलो.

"नाना! काय झालं?" हितेंद्र उडी मारून उतरला.

"ब्रेक लागतोय?"

"लागतोय की. अहो, चढताना वळणं काय घेतली गाडीने! पण वरून निघालो तशी टकटक सुरू झाली. अक्का म्हणाल्या, डाव्या बाजूचा नट सैल दिसतो, हळू घ्या. म्हणून सेकंड गिअरमध्येच उतरवतोय."

मी रत्नाकडे बघितलं. ती खाली उतरून बोटांना पदर गुंडाळत उभी होती.

चाकांना दगड लावून मी पाना घेऊन खाली सरकलो. डाव्या लिंकचा खालचा नट नव्हता. नुसता बोल्ट आपल्या नशिबाने भोकात अडकून राहिला होता, अर्धा बाहेर आलेला. पाइपावर अजून ओरखडा नव्हता. आणखी दोन-चार वळणं गेली असती तर काय झालं असतं ते मी मनात येऊ दिलं नाही. खिशातला नट काढून लावला, पण पाना नटावर बसेना. रत्ना शेजारी वाकली आणि हितेंद्रच्या मोबाइलचा उजेड धरला.

शब्द माझ्या जिभेवर होते. कुणी सांगितलं होतं नटाला कुंकू लावायला? तुला काय कळतं त्यातलं? एवढ्या भीतीनंतर कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. पण उजेडात तिच्या बांगड्या दिसत होत्या, आणि अर्ध्या तासापूर्वी मी देवाला काय काय कबूल केलं होतं ते आठवलं.

"बठ्ठा आठ नट ढिला व्हतात," मी म्हणालो. "मी कसनूच नही. मनी चूक शे."

तिने उजेड जवळ आणला. मग म्हणाली, "माले माहीत व्हतं."

"काय?"

"कुंकू लायं तवय तो डावा नट मना बोटखाले फिरना."

म्हणजे नट सैल फिरला होता आणि तिला ते कळलं होतं. मी पाना खाली ठेवला. "मंग सांगं का नही?"

"वाटनं, तुम्ही नंतर कसी लिधा व्हई." उजेड जरा हलला. "आणि सांगतू, तं तुम्ही वसकतात."

"मी?"

"भ्याव वाटनं तुमनं."

हितेंद्र रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. शहाणा पोरगा. मी गाडीखाली पडून वर चेसिसकडे बघत राहिलो. ज्या भीतीने माझा जीव चालला होता ती तासाभराची होती. रत्नाच्या भीतीला किती वर्षं झाली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कडेला उभ्या असलेल्या त्या परक्या पोराला नट सैल आहे हे तिने पहिल्या टकटकीला सांगितलं होतं. मला सांगायला तिच्याकडे नवमीचा आख्खा दिवस होता.

वजनासाठी मी हितेंद्रला दोन्ही सीटच्या मधोमध बसवलं आणि आठही नट कसले, सावकाश, एकेक. मग बाहेर सरकलो आणि तिच्या हातातला मोबाइल घेतला.

"आते तू खाले जाय. एकेक नटले हात लाई दख."

"मी?"

"तूच."

हितेंद्रने डिकीतली ताडपत्री अंथरली. रत्ना नव्या साडीनिशी खाली सरकली. मी वाकून उजेड धरला. पहिला नट तिने दोन बोटांनी धरला, मग अख्ख्या मुठीत धरला. दुसरा. तिसरा. सहाव्याला ती थांबली. पुन्हा एकदा जोर लावून बघितला आणि मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. बोलू की नको, असं ते बघणं होतं. मी ते घरात रोज बघितलं असणार.

"सांग," मी म्हणालो.

"हाऊ फिरस," ती म्हणाली. "जरासाच."

आत्ताच तर मी तो माझ्या हाताने कसला होता. ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं आणि हात लांब करून पाना लावला. पाव फेरा बसला.

"आते दख," मी म्हणालो.

तिने दखलं, मान हलवली, आणि सातव्या नटाला हात घातला.